हुशार आहे, शूर आहे, तरी लक्षात का राहत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चंद्रावरच्या वसाहतीतल्या एका इंजिनियरवर तुम्ही कथा लिहिलीत, अनिकेत त्याचं नाव, हुशार आहे, शूर आहे, लहानपणी आई गेलेली आहे, आणि शेवटी दहा सेकंद उरलेले असताना तो ऑक्सिजनची गळती थांबवतो. चौघांनी वाचली, चौघांनीही सांगितलं की कथा बरी आहे पण हिरो लक्षात राहिला नाही. म्हणून तुम्ही विचारताय की विज्ञानकथेतले जे हिरो वर्षानुवर्षं डोक्यात राहतात त्यांच्यात कोणते गुण असतात आणि ते अनिकेतमध्ये कसे आणायचे.

मी पंचवीसेक वर्षं विज्ञानकथा लिहितेय आणि त्यातली बारा-तेरा वर्षं दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून निवडायचं काम करतेय, त्यामुळे अनिकेतला मी चांगली ओळखते. दर वर्षी तो येतो, कधी डॉक्टर समीर असतो, कधी कॅप्टन अनन्या, आणि बहुतेक वेळा लिहिणाऱ्याने त्याच्यावर मनापासून मेहनत घेतलेली असते. म्हणूनच सांगावंसं वाटतं की कोणते गुण घालायचे या प्रश्नाच्या मागे लागून काही हाती येणार नाही. विचारायचं ते हे, की तुमच्या चंद्राने अनिकेतकडून काय मागितलं? हीच कथा तुम्ही मुंबईच्या एखाद्या कारखान्यात नेलीत, ऑक्सिजनच्या जागी क्लोरीन ठेवलात, तर अनिकेतला काही फरक पडतो का? मला वाटतं नाही पडत. आणि जो हिरो कुठेही चालतो तो कुठलाच राहत नाही.

आधी एक कबूल करते, हे कथेच्या जातीवर अवलंबून आहे. काही विज्ञानकथांना हिरो लागतच नाही, तिथे कल्पनाच सगळं ओढून नेते आणि माणूस फक्त बघायला उभा असतो, त्यात काही चूक नाही. मालिकेतला हिरो आणखी वेगळा. सत्यजित राय यांचा प्रोफेसर शंकू घ्या, १९६१ मध्ये ‘संदेश’ मासिकात आला, गिरिडीहला राहतो, न्यूटन नावाचं मांजर, प्रल्हाद नावाचा नोकर, आणि सगळं काही डायरीत लिहून ठेवायची सवय. शंकू फारसा बदलत नाही आणि बदलूही नये, कारण दर कथेत आपण त्याच घरी परत जातो, सुट्टीत ठरलेल्या नातेवाइकांकडे जावं तसं. तिथे घर, सवयी आणि बोलण्याची ढब एवढ्यावर भागतं. तुमची एकच कथा आहे, तीन-चार हजार शब्दांची, त्यात सवयी मुरायला वेळ नाही. तेव्हा पुढचं सगळं एकाच कथेत किंवा एकाच कादंबरीत उभ्या राहायच्या माणसाबद्दल आहे असं समजा.

वर्कशॉप घेते तेव्हा मी रिप्लीपासून सुरुवात करते. ‘एलियन’ हा अंतराळजहाजावर घडणारा चित्रपट, १९७९, दिग्दर्शक रिडली स्कॉट, रिप्लीचं काम सिगर्नी वीव्हरने केलंय. लोकांना शेवटची झुंज आठवते पण माझ्या मते रिप्ली घडते ती बरीच आधी, एका बंद दाराशी. अनोळखी ग्रहावर उतरलेले तिघं परत आलेत, केनच्या तोंडाला काहीतरी जिवंत चिकटलंय, कॅप्टन डॅलस बाहेरून सांगतोय दार उघड. डॅलस आणि केन दोघंही बाहेर असल्यामुळे त्या घडीला जहाजावर रिप्लीचा शब्द चालतो, आणि ती नाही म्हणते. क्वारंटाइनचा नियम चोवीस तासांचा आहे, आत काय येतंय माहीत नाही, ते आत घेतलं तर सगळेच मरू शकतो. भाषण नाही, पार्श्वसंगीताची लाट नाही, एक बाई इंटरकॉमवर आपल्या वरिष्ठाला नाही म्हणतेय आणि तिला ते जड जातंय हे आवाजातून कळतंय. दार उघडतो तो जहाजावरचा विज्ञान अधिकारी ॲश, आणि पुढची सगळी मरणं त्या उघडलेल्या दारातून येतात.

आता बघा, त्या सीनपर्यंत रिप्लीबद्दल आपल्याला काय माहितीये? जवळपास काहीच नाही. आई-बाप नाहीत, प्रेम नाही, बालपणीची जखम नाही. मूळ पटकथेत तर पात्रं बाई की पुरुष हेही ठरवलेलं नव्हतं, कुठलीही भूमिका कुणीही करावी अशी नोंदच होती. म्हणजे बायोडाटा कोरा आणि तरी माणूस ठसठशीत, कारण तिथे डॅलस असता तर दार उघडलं असतं, बाहेरच्या तिघांतली तिसरी, लॅम्बर्ट, असती तरी उघडलं असतं. जिचं बरोबर होतं तिचं कुणी ऐकलं नाही आणि ती शेवटपर्यंत ‘मी सांगत होते’ असं म्हणत बसत नाही. आणि हीच बाई नंतर जहाज फुटायची उलटी गिनती चालू असताना जोन्स मांजराला सोबत घेऊन निघते. तीन माणसांना दार न उघडणारी आणि मांजराला सोबत नेणारी, या दोन गोष्टी एकाच माणसात बसतात हे आपल्याला कुणी समजावून सांगत नाही, आपण स्वतःच जोडतो, आणि जे आपण जोडलेलं असतं ते विसरत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. माझी दुसरी का तिसरी कथा एका संपादकांनी परत पाठवली होती, सोबत चार ओळींचं पत्र, त्यात लिहिलं होतं की नायकाच्या जागी दुसरा कुणीही हुशार माणूस उभा केला तरी तुमची कथा अशीच संपेल. तेव्हा खूप लागलं. पण तेव्हापासून स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या प्रत्येक कथेला मी हीच चाचणी लावते, माणूस बदलून बघायचा आणि शेवट हलतो का ते पाहायचं. त्याला जोडून माझी दुसरी चाचणी, जग बदलून बघायचं आणि माणूस हलतो का ते पाहायचं. पहिली चाचणी कुठल्याही कथेला लागते. दुसरी खास विज्ञानकथेची, आणि तुमचं अडलंय ते तिथे.

दुसऱ्या चाचणीसाठी माझं आवडतं उदाहरण विज्ञानकथाकार आयझॅक आसिमोव्हची सुझन कॅल्विन, रोबोंच्या मनाची तज्ज्ञ, १९४१ ची ‘लायर’ ही गोष्ट. रोबोने माणसाला इजा करायची नाही हा आसिमोव्हच्या रोबोंचा पहिला नियम तुम्हाला माहीतच असेल. या गोष्टीतला हर्बी नावाचा रोबो बनवताना झालेल्या चुकीमुळे मनातलं वाचू शकतो. मग इजा म्हणजे फक्त हातपाय मोडणं राहत नाही, मन दुखावणं हीसुद्धा इजाच, म्हणून तो प्रत्येकाला ज्याला जे हवं ते सांगतो. कॅल्विनला तो सांगतो की ज्या सहकाऱ्यावर तिचा जीव जडलाय त्याचंही तिच्यावर प्रेम आहे. ही अबोल, कामात बुडालेली बाई हळूच नटायला लागते. आणि मग तो सहकारी स्वतःच्या तोंडाने तिला आपल्या ठरलेल्या लग्नाची बातमी देतो. हर्बी खोटं का बोलला याचं कारण तिथे सगळ्यात आधी तिच्याच ध्यानात येतं, कारण ते तिच्या अंगावर कोसळलंय. मग ती काय करते? हर्बीला अशा कोंडीत उभा करते की उत्तर दिलं तरी माणूस दुखावणार आणि नाही दिलं तरी दुखावणार, आणि त्याचं डोकं कायमचं फुटेपर्यंत सोडत नाही. क्रूर आहे हे. पण बघा, प्रेमभंगाच्या हजारो गोष्टी आहेत, आणि हा प्रेमभंग रोबोचा पहिला नियम नसता तर झालाच नसता, तिचा सूडही त्याच नियमाने बनलाय, आणि तिची हुशारी आणि तिची जखम एकाच जागी आहेत. मोठा नायक चांगलाच असावा लागतो असं मुळीच नाही. तो त्या जगात पूर्ण अडकलेला असावा लागतो.

मराठीतलं उदाहरण द्यायचं तर जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले गंगाधरपंत. प्रोफेसर गायतोंडे, इतिहासाचे अभ्यासक, अपघात होतो आणि ते अशा मुंबईत जाऊन पडतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. तुमचा-माझा हिरो अशा ठिकाणी काय करेल? पळेल, कुणालातरी पटवून द्यायचा प्रयत्न करेल, परतीचं यंत्र शोधेल. गंगाधरपंत टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीत जातात. तिथे ते इतिहासाचे ग्रंथ मागवतात, स्वतःच लिहिलेले पाच खंड, आणि एकेक खंड वाचत सुटतात की आपल्या माहितीतला इतिहास आणि हा इतिहास नेमका कुठल्या पानावर वेगळा होतो. तो होतो १७६१ ला, विश्वासरावांपाशी. गोळी कानाजवळून गेली, लागली नाही, तिळाएवढं अंतर. मला हा प्रसंग अतिशय थोर वाटतो, आणि तुम्ही ही कथा वाचली नसेल तर आधी ती मिळवून वाचा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातही तिचा संक्षेप लागलेला होता. जग पायाखालून गेलेलं असताना जो माणूस पुरावा शोधायला जातो त्याचं धैर्य बंदूक उचलणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी नाही. आणि ते फक्त गंगाधरपंतच करू शकतात, कारण ते इतिहासकार आहेत, त्यांच्या जागी मी असते तर पेपर वाचूनच भांबावून बसले असते. पुढे आझाद मैदानात मोकळी पडलेली अध्यक्षाची खुर्ची बघून त्यांना राहवत नाही आणि ते थेट व्यासपीठावर जातात, ही त्यांची दुसरी बाजू, सभांची सवय अंगात मुरलेली, आणि तीच त्यांना महागात पडते. एकाच माणसाची एक सवय त्याला सत्यापर्यंत नेते आणि दुसरी त्या जगातून बाहेर फेकते. मूळ कथा वाचताना हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा.

जाता जाता, नारळीकरांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीच्या हस्ताक्षरात, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नाव आणि ओळख बाजूला ठेवून फक्त कागदावरच्या मजकुरावर उभं राहायचं, हे लेखकाने स्वतःला लावून घेतलं होतं. आपल्या पात्रांनाही ते लावायला हरकत नाही.

आता तुमच्या कथेतल्या आईकडे येते, कारण बहुतेकांना वाटतं दुःखद भूतकाळ दिला की पात्र खोल होतं. होतं, पण तो कधी आणि कुठून सांगता यावर सगळं आहे. भा. रा. भागवतांमुळे आपल्यातल्या कितीतरी जणांनी ज्यूल व्हर्न मराठीतच वाचला, त्याच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’मधला कॅप्टन निमो आठवा. पाणबुडीतून फिरतो, जमिनीशी संबंध तोडलेला, का ते सांगत नाही. पण सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्याला तो शार्कपासून वाचवतो आणि हातात मोत्यांची पिशवी ठेवतो, एक युद्धनौका बुडवतो आणि मग आपल्या केबिनमध्ये एका स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या चित्रासमोर गुडघे टेकून रडतो. पुस्तक संपतं तरी तो कोण ते कळत नाही. कळतं ते १८७५ च्या दुसऱ्या कादंबरीत, की हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात सगळं गमावलेला. गंमत म्हणजे व्हर्नच्या मनात आधी तो पोलिश होता आणि त्याचा राग रशियावर होता, प्रकाशकाला ते चालेना म्हणून ते गेलं. म्हणजे चटका आधी लिहिलेला होता, कारण नंतर बदललं, आणि चटका तसाच टिकला! अनिकेतची आई गेली हे तुम्ही पहिल्याच पानावर सांगून टाकलंय आणि त्यानंतर ते कुठेच दिसत नाही. ते वाक्य काढा. आई गेलेला माणूस गळतीच्या वेळी काही वेगळं करतो का ते दाखवा, नसेल करत तर आईला कथेत आणूच नका.

भूतकाळापेक्षाही जोरदार चालतं ते म्हणजे त्या जगाच्या नियमाने शरीरावरच लादलेली किंमत. ऑक्टेव्हिया बटलरची १९९३ ची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’, त्यातली लॉरेन ओलामिना. आईने गरोदरपणी घेतलेल्या औषधामुळे लॉरेनला समोरच्याच्या वेदना स्वतःच्या अंगात जाणवतात. लहानपणी भाऊ लाल शाई लावून रक्ताचं नाटक करायचा आणि तिला त्रास व्हायचा. अशी मुलगी अशा कॅलिफोर्नियातून चालत निघते जिथे कायदा उरलेला नाही, रस्त्यावर कुणीही लुटतं, आणि स्वतःला वाचवायचं तर समोरच्याला मारावं लागतं. मारलं की ते तिलाही लागतं. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर मारामारीचा सीन नुसता मारामारीचा राहिला असता, इथे प्रत्येक वार हा हिशोब आहे, किती झेपेल, अर्धवट जखमी करून सोडलं तर किती वेळ ते दुखणं मला भोगावं लागेल. तरी ती लोक गोळा करते, पुढे चालते. मी हे पुस्तक दोनदा वाचलंय आणि दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

कुणीतरी म्हणेल की ‘द मार्शन’ या कादंबरीतल्या, मंगळावर एकट्या अडकलेल्या मार्क वॉटनीपुढे कुठे असला पेच आहे, तो तर नुसता एकामागून एक प्रॉब्लेम सोडवतो. बरोबर आहे. तिथे वाचकाला धरून ठेवतं ते विचार करणं डोळ्यांसमोर घडताना बघणं, आणि त्यात चुकणं. हायड्रॅझिन या रॉकेटच्या इंधनापासून पाणी करताना तो स्वतःच्याच उच्छ्वासातला ऑक्सिजन मोजायला विसरतो आणि स्फोट होतो. चूक झाली की ती का झाली हे तो शोधतो, म्हणून पुढच्या वेळी बरोबर आलं की आपल्यालाच जमल्यासारखं वाटतं. एक गोष्ट मात्र त्यातून उचला. त्याला मंगळावर अडकवणारं वादळ खऱ्या मंगळावर होऊच शकत नाही, तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याच्या आसपास, इतक्या विरळ हवेत तसा जोर येणार कुठून, आणि हे लेखक अँडी वीअरलाही माहीत होतं. वाचकांनी ते चालवून घेतलं कारण ते खोटं हिरोला अडकवायला वापरलंय. सोडवायला वापरलं असतं तर पुस्तक तिथेच मिटलं असतं. तुमची दहा सेकंदं त्या दुसऱ्या प्रकारात मोडतात, घड्याळ तुमच्या हातात आहे आणि वाचकाला ते दिसतंय.

तर मग अनिकेतचं काय करायचं. मी असते तर चंद्राकडे जाऊन विचारलं असतं की तुझा नियम काय. चंद्रावरची धूळ धारदार असते, तिथे वारा-पाणी नाही त्यामुळे कणांच्या कडा झिजत नाहीत. अपोलोच्या अंतराळवीरांच्या सूटना ती चिकटली, जोडांमध्ये शिरली, नमुन्यांच्या डब्यांची हवाबंद सीलं तिने निकामी केली, आणि १९७२ ला अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिटला यानात आल्यावर त्या धुळीने सर्दी झाल्यासारखं नाक चोंदलं. म्हणजे तुमच्या वसाहतीचा खरा शत्रू गळती नसून सील खाणारी धूळ आहे, गळती हे तिचं शेवटचं टोक. दुसरी गोष्ट, तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा, मग तेवढीच मोठी रात्र, म्हणजे बाहेरची सगळी कामं बहुधा उजेडातच उरकायची.

आता अनिकेतला हिरो म्हणून धावत येऊ देऊ नका, त्याला सीलं तपासून सही करणारा माणूस करा. उजेडाचे सहा दिवस उरलेत, बाहेर काम जोरात चालू आहे, आणि त्याला एका एअरलॉकच्या, म्हणजे आत-बाहेर जायच्या हवाबंद कप्प्याच्या, सीलवर शंका येते. त्याने स्वतःच आठवड्यापूर्वी पास केलेलं सील. बोलला तर सगळ्यांना आत बोलवावं लागेल, काम पुढच्या उजेडावर जाईल, आणि त्याची सही चुकली हे सगळ्यांसमोर येईल. नाही बोलला तर कदाचित काहीच होणार नाही, बहुतेक वेळा काहीच होत नाही. आता माणूस बदलून बघा, शेवट हलतो. जग बदलून बघा, धूळ नाही तर शंका नाही, चौदा दिवसांचा उजेड नाही तर घाई नाही. भाऊ किंवा बायको त्या एअरलॉकमध्ये अडकलेली दाखवायचा मोह होईल, तो टाळा. आत जो असेल तो त्याला फारसा न आवडणारा सहकारी असला तरी चालेल, उलट जास्त बरं.

हा एक सीन आधी लिहा, दोन-अडीचशे शब्दांत, गळतीच्या आधीचा. त्यासाठी तुम्हाला एक गोष्ट स्वतःशी पक्की ठरवावी लागेल, वाचकाला सांगा अगर सांगू नका, की आठवड्यापूर्वी सही करताना अनिकेतने ते सील बोटाने चाचपून बघितलं होतं, की नुसतंच लांबून बघून पुढे गेला होता.